बाकीचं सोमवारी

मी वाईचा. पाचगणी म्हणजे आमच्यासाठी पसरणीच्या घाटाच्या वरचं गाव. पाहुणे आले की त्यांना टेबललँडवर न्यायचं, घोडे दाखवायचे, स्ट्रॉबेरी खाऊ घालायची आणि संध्याकाळच्या आत खाली उतरायचं. तिथल्या सेंट पीटर्स शाळेवरून मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. फ्रेडी मर्क्युरी त्या शाळेत शिकला, हे मला कळलं ते पुण्यात, हिंजवडीत, पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. माझ्या टीम लीडने सांगितलं. "वाईचा आहेस आणि तुला हे माहीत नाही?" असं म्हणून त्याने स्वतःचा हेडफोन माझ्यासमोर सरकवला. पुढची दीड-दोन वर्षं मी त्याच्याकडून दोन गोष्टी शिकलो: डेटाबेसचे व्यवहार अर्धवट तुटले तर काय करायचं, आणि क्वीन.

तो 2021 च्या एप्रिलमध्ये गेला. दुसरी लाट. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. त्याच्या मागे कोडची एक अर्धवट ब्रँच राहिली. ब्रँच म्हणजे मुख्य प्रोग्रॅमची बाजूला काढलेली प्रत. काम पुरं झालं की ती मुख्य धारेत मिसळायची असते. महिनाअखेरीला दोन बाजूंचे हिशेब जुळवणारा भाग तो लिहीत होता. शुक्रवारी संध्याकाळी त्याने जेवढं झालं तेवढं चढवलं आणि खाली एक टीप लिहून ठेवली: बाकीचं सोमवारी. शनिवारी ताप आला. मे महिन्यात ते काम माझ्याकडे आलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण क्वीनच्या 'मेड इन हेवन' या अल्बमचा इतिहास मी त्याच महिन्यांत वाचायला लागलो, आणि का वाचायला लागलो ते लपवण्यात अर्थ नाही.

फ्रेडीचं मूळ नाव फरोख बल्सारा. घराणं पारशी, आडनाव गुजरातेतल्या वलसाडवरून आलेलं, जन्म झांझिबारचा, 5 सप्टेंबर 1946 चा. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आठेक वर्षांचा असताना त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या वसतिगृहात धाडलं. 'फ्रेडी' हे नाव शाळेतल्या पोरांनी पाडलेलं. शाळेतच पाच जणांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवायचा. 1964 साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, तेव्हा बल्सारा कुटुंब इंग्लंडला पळालं. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. मी फक्त बाकीच्या तिघांबद्दल दोन वाक्यं लिहितो, कारण हा लेख खरं तर त्यांच्याबद्दल आहे.

क्वीनमध्ये आमच्या पंथातली माणसं होती. गिटारवादक ब्रायन मेने किशोरवयात वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून स्वतःची गिटार बनवली आणि ती आयुष्यभर वाजवली. खगोलभौतिकीचं अर्धवट सोडलेलं संशोधन त्याने पुढे 2007 साली पुरं करून डॉक्टरेट मिळवली. बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्याने रस्त्यावरच्या कचऱ्यातून उचललेल्या सर्किट बोर्डातून एक छोटा अँप्लिफायर जुळवला आणि क्वीनच्या कितीतरी गाण्यांत तो वापरला गेला. ड्रम वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यकाला गेला होता, तिथून जीवशास्त्राकडे वळला. अर्धवट गोष्टी जुळवणं या लोकांच्या अंगातच होतं म्हणा ना.

फ्रेडीला एड्सचं निदान झालं 1987 मध्ये. बाहेर कोणाला कळू दिलं नाही. 1991 च्या फेब्रुवारीत 'इन्युएन्डो' अल्बम आला आणि तो शेवटचा ठरेल असं बँडला वाटत असताना फ्रेडी म्हणाला, काम सुरू ठेवू. जागा होती स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, जिनिव्हा सरोवराच्या काठावरचं. तिथल्या कॅसिनोच्या इमारतीतला माउंटन स्टुडिओ क्वीनने 1979 मध्ये विकत घेतला होता. (गिटार हातात धरणारा प्रत्येक मराठी मुलगा पहिल्या आठवड्यात 'स्मोक ऑन द वॉटर'ची चाल शिकतो. त्या गाण्यातला धूर याच कॅसिनोचा. जुनी इमारत 1971 च्या डिसेंबरात फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना जळाली. स्टुडिओ आहे तो नव्याने बांधलेल्या इमारतीत.)

त्या वसंतातल्या कामाची पद्धत वेगळी होती. एरवी बँड आधी वाद्यं ध्वनिमुद्रित करतो आणि आवाज शेवटी चढवतो. इथे क्रम उलटा झाला. फ्रेडीने तिघांना सांगून ठेवलं होतं, की मला काहीही लिहून द्या, मी गाऊन ठेवतो, जेवढं जमेल तेवढं मागे ठेवतो, तुम्ही नंतर पुरं करा. ड्रम मशीनच्या ठोक्यावर तो गायचा. बरं वाटेल तेवढे तास यायचा आणि परत जायचा. 'मदर लव्ह' हे गाणं तर ब्रायन त्याच्यासमोर बसून ओळ ओळ लिहून देत होता आणि फ्रेडी ती लगेच गात होता. मध्येच एका जागी त्याला वाटलं, की इथे स्वर अजून वर जायला हवा. उभं राहण्याची मारामार असलेला माणूस तो. तरी त्याने तो स्वर लावला. शेवटचं कडवं राहिलं. आता दमलो, परत येईन तेव्हा करू, असं सांगून तो गेला. हा 1991 चा मे महिना. त्या कडव्यासाठी तो परत आलाच नाही. 24 नोव्हेंबरला लंडनमधल्या घरी त्याचा मृत्यू झाला. आजाराची जाहीर कबुली त्याच्या आदल्या दिवशीची.

ड्रम मशीनच्या ठोक्याचं महत्त्व एक इंजिनिअर म्हणून मला थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. माणूस मोकळा गातो तेव्हा लय किंचित पुढेमागे होते. त्यावर नंतर ड्रम वाजवायचे तर वाजवणाऱ्याला त्या श्वासांचा पाठलाग करावा लागतो. यंत्राच्या ठोक्यावर गायलेल्या आवाजाखाली मात्र दोन वर्षांनीही खरे ड्रम बसवता येतात, मोजपट्टी दोघांची एकच असते म्हणून. शिवाय टेप अनेक ट्रॅकची होती, म्हणजे आवाज एका पट्टीवर आणि वाद्यं दुसऱ्या पट्ट्यांवर. एक पुसून दुसरं चढवता येतं. फ्रेडीने मागे ठेवलेली गोष्ट पुढे कोणीतरी हाताळणार आहे, हे गृहीत धरूनच ठेवलेली होती. आमच्याकडे अशा कोडला नीट टिपा लिहिलेला कोड म्हणतात, आणि तो फार क्वचित मिळतो.

अडचण अशी, की 1991 चं हे साहित्य अल्बमभर नव्हतं. 'अ विंटर्स टेल' होतं, हे त्याने सरोवराकडे पाहत स्वतः लिहिलेलं शेवटचं गाणं. 'मदर लव्ह' होतं. आणि काही तुकडे. मग तिघांनी जुन्या टेपा उघडल्या. 'इट्स अ ब्यूटिफुल डे' निघालं 1980 च्या म्युनिकमधल्या एका टेपेतून, पियानोवर बसल्या बसल्या फ्रेडीने सहज गुणगुणलेलं. 'लेट मी लिव्ह' 1983 च्या आसपासचं, मुळात रॉड स्ट्युअर्टबरोबर सुरू केलेलं आणि सोडून दिलेलं. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड' 1989 च्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला आधीच येऊन गेलेलं. 'हेवन फॉर एव्हरीवन' हे रॉजरच्या दुसऱ्या बँडच्या अल्बमसाठी फ्रेडीने गायलेलं. 'टू मच लव्ह विल किल यू' 1988 च्या सुमाराचं, ब्रायनने 1992 मध्ये स्वतःच्या आवाजात प्रसिद्धही केलेलं. आणि दोन गाणी फ्रेडीच्या 1985 च्या एकट्याच्या अल्बममधून उचललेली: 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'.

काम सुरळीत झालं असं नाही. 1993 मध्ये ब्रायन स्वतःच्या अल्बमच्या दौऱ्यावर असताना रॉजर आणि जॉनने टेपांवर काम सुरू केलं. ब्रायन परतला तेव्हा झालेलं काम त्याला पटलं नाही आणि बरंच पुन्हा करावं लागलं. फ्रेडीच्या एकेका ओळीचे तुकडे जुळवत तो तासन् तास बसायचा. 'यू डोन्ट फूल मी' हे तर गाणं म्हणून अस्तित्वातच नव्हतं. बँडबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला डेव्हिड रिचर्ड्स हा ध्वनिमुद्रक आणि निर्माता. त्याने फ्रेडीच्या आवाजातले थोडे तुकडे घेऊन त्यांचा सांगाडा उभा केला, मग तिघांनी त्यावर वाजवलं. अल्बम 6 नोव्हेंबर 1995 ला आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. मुखपृष्ठावर सरोवराकाठी हात उंचावलेला फ्रेडीचा पुतळा, मागच्या बाजूला डोंगरांकडे पाहत उभे असलेले तिघे.

बँडमधला माणूस गेल्यावर पुढे काय, या प्रश्नाला रॉकच्या इतिहासात वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 ला वारला. बँडने नवा गायक घेतला, बहामाला जाऊन अल्बम केला आणि 25 जुलैला 'बॅक इन ब्लॅक' दुकानात होता. पाच महिने! काळं कोरं मुखपृष्ठ, सुरुवातीला घंटेचे टोल, आणि बॉनचा आवाज कुठेही नाही. सुतक पाळलं, पण त्याच्या जागेवर त्याचं भूत बसवलं नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिसने आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी बँडचं नावच टाकून दिलं आणि न्यू ऑर्डर झाले. पण 'सेरेमनी' हे इयनच्या काळातलं गाणं त्यांना करायचं होतं आणि शब्दांचा कागद कोणाकडेच नव्हता. जी टेप होती तीत आवाज पुसट. वेगवेगळ्या पट्टीतले स्वर कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरमधून ती टेप फिरवून फिरवून त्यांनी मित्राचे शब्द कानांनी वेचले. मला हा प्रसंग 'मेड इन हेवन'पेक्षाही अधिक चटका लावतो. कोणी मागे ठेवून गेलेलं नाही, नुसतं मागे राहिलेलं.

या दोन शब्दांतला फरक मला त्या मे महिन्यात कळायला लागला होता.

बीटल्सचं उदाहरण यात मध्येच कुठेतरी बसतं. योको ओनोने पॉल मॅकार्टनीकडे जॉन लेननच्या घरगुती कॅसेट दिल्या. 'मेड इन हेवन'च्या पाठोपाठ, 1995 च्या अखेरीसच, त्यातलं 'फ्री अॅज अ बर्ड' तिघा हयात बीटल्सनी पुरं करून आणलं. जॉन सुट्टीवर गेलाय आणि पुढचं आपल्यावर सोपवून गेलाय, अशी मनाची समजूत घालून आम्ही काम केलं, असं पॉल सांगायचा. 'नाऊ अँड देन' हे दुसरं गाणं मात्र तेव्हा सोडून द्यावं लागलं, कारण कॅसेटवर आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळलेले होते आणि वर विजेची घरघर. मशीन लर्निंगने तो आवाज पियानोपासून वेगळा काढला आणि 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गाणं आलं, तोवर त्यावर गिटार वाजवून ठेवलेला जॉर्ज हॅरिसनही जाऊन बावीस वर्षं होत आली होती. ज्या धंद्यात मी आहे त्याची ही करामत. ऑफिसात त्या दिवशी सगळे खूश होते, मीही गाणं तीनदा ऐकलं. पण सुट्टीवर गेलेला माणूस परत आल्यावर विचारतो, हे काय करून ठेवलंत. ती भीती या कामात नसते आणि तीच खरी उणीव आहे.

'मेड इन हेवन'मध्ये मला खटकतात ती 1985 ची दोन गाणी. फ्रेडीने तो एकट्याचा अल्बम मुद्दाम बँडबाहेर केला होता. सिंथेसायझर, नाचाचा ठेका, क्वीनमध्ये चाललं नसतं असं सगळं. अल्बम त्याने आपल्या मांजरांना अर्पण केला, आणि आभारांमध्ये ब्रायन, रॉजर आणि जॉन यांचे आभार मानले ते लुडबुड न केल्याबद्दल. विनोदच होता, मित्रांमधला. पण दहा वर्षांनी त्याच गाण्यांतून फ्रेडीने निवडलेलं संगीत काढून टाकून तिघांनी आपली गिटार, आपले ड्रम भरले. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' नव्या रूपात कितीतरी दणदणीत झालं आहे, पार्टीत मी तेच लावतो. ते चांगलं झालंय हाच तर पेच आहे. वाईट झालं असतं तर निकाल सोपा होता.

माझा लीड याच गाण्यावरून माझ्याशी भांडायचा. त्याचं म्हणणं, मित्राचं काम हातात आलं की आपला हात लागणारच, त्याशिवाय ते नुसतं जपून ठेवलेलं सामान होतं. आता वाटतं त्याला हे वाक्य नंतर कधीतरी आठवून द्यायला हवं होतं.

त्याच्या ब्रँचचं काम हातात घेतल्यावर मी पहिल्याच दिवशी एक चूक केली. तो जुन्या वळणाने लिहायचा, मोकळ्या जागा वेगळ्या, कंसांची मांडणी वेगळी. आमच्याकडे फाईल आपोआप नीटनेटकी करणारं एक साधन असतं. ते मी चालवलं आणि बदल चढवून टाकला. तर्क एका अक्षरानेही बदलला नव्हता. आता, प्रत्येक ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी एक आज्ञा असते, तिचं नाव गमतीने 'ब्लेम' असं ठेवलेलं आहे. काही बिघडलं की दोष कोणाचा ते शोधायला. दुपारी एक ओळ कळेना म्हणून मी सवयीने ब्लेम चालवलं. सगळ्या फाईलभर माझं नाव. वरपासून खालपर्यंत. जुना इतिहास खोदला तर त्याचं नाव मिळालं असतं, पण वरच्या थरात तो उरलाच नव्हता. मी झाडलोट केली होती फक्त.

तो बदल मी मागे घेतला. सहकाऱ्यांना कारण सांगितलं ते तांत्रिक होतं.

दुसरी चूक आठवड्याने कळली. त्याच्या कोडमध्ये पैशांची रक्कम दोनदा पूर्णांकात आणलेली होती, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. मला वाटलं, घाईत राहून गेलं असणार. मधली पायरी मी काढली. महिनाअखेरीच्या चाचणीत काही पैशांचा फरक पडायला लागला. दोन दिवस शोधल्यावर लक्षात आलं, की पलीकडची यंत्रणाच दोनदा पूर्णांकात आणते, म्हणून यानेही तसं केलं होतं. टीप नव्हती. सोमवारी लिहिणार असेल.

म्हणून मग 'मदर लव्ह' मला वेगळ्या तऱ्हेने ऐकू यायला लागलं. बाकीचा अल्बम सलग ऐकला तर 1980 कुठे संपलं आणि 1991 कुठे सुरू झालं ते कानाला कळू नये अशी कारागिरी आहे. 'मदर लव्ह'मध्ये तसं काही केलेलं नाही. दोन कडवी फ्रेडी गातो आणि तिसरं ब्रायन गातो. ब्रायनचा आवाज बारीक, साधा, फ्रेडीच्या शेजारी ठेवावा असा मुळीच नाही. हे कडवं जुन्या टेपेतल्या फ्रेडीच्या तुकड्यांनी झाकता आलं असतं. एक अख्खं गाणं तसं उभं केलेलं त्याच अल्बमवर आहे. पण नाही केलं. त्यानंतर गाण्याच्या शेवटी 1986 च्या वेम्बलीतल्या हजारोंच्या गर्दीशी फ्रेडीचा सवाल-जवाब ऐकू येतो, मग 1972 च्या एका विसरलेल्या रेकॉर्डमधला त्याचा कोवळा आवाज, मग तान्ह्या बाळाचं रडणं. हा भाग मला जरा जास्तच वाटतो. ब्रायनचं कडवं पुरेसं होतं.

तिघांपैकी डीकन यानंतर थांबला. फ्रेडीच्या जागी कोणी येऊ शकत नाही, पुढे जाण्यात मतलब नाही, असं त्याने सांगितलं. 1997 मध्ये एक शेवटचं गाणं वाजवून तो घरी गेला तो आजतागायत. ब्रायन आणि रॉजर नव्या गायकांबरोबर क्वीनच्या नावाने अजून वाजवतात, टेपाही अधूनमधून उघडतात. 2022 मध्ये 'फेस इट अलोन' असंच एक जुनं गाणं बाहेर आलं. दोघांपैकी कोण बरोबर ते ठरवायला मी बसलेलो नाही. मला तेव्हा एवढंच ठरवायचं होतं, की उरलेला कोड कुठून सुरू करायचा.

त्याच्या टिपेच्या खालून केला. वरचं वळण त्याचं, खालचं माझं, मोकळ्या जागासुद्धा जुळत नाहीत. रिव्ह्यूमध्ये दोघांनी विचारलं, फाईल एकसारखी का करत नाहीस. टीप पण अजून तिथेच आहे. ब्लेम चालवलं की 340 व्या ओळीपर्यंत त्याचं नाव येतं आणि 341 पासून माझं.